कोंकराची तंगडी

ज्या हत्यारानें खून झाला तें हत्यार खुनाचा तपास करण्यास आलेल्या पोलिसांनींच चवीनें खाऊन टाकलें, ही एका ओळीची कल्पना ज्याच्या डोक्यांत प्रथम आली त्याला हसूं आलें असेल कीं अंगावर कांटा आला असेल, हें सांगणें कठीण आहे. बहुधा दोन्ही एकाच वेळीं झालें असावें. कारण त्या कल्पनेवर उभारलेली रोआल्ड डाल ह्यांची कथा वाचतांना, आणि आल्फ्रेड हिचकॉक ह्यांनीं तिच्यावरून केलेला दूरचित्रवाणीवरील पंचवीसएक मिनिटांचा प्रयोग पाहतांना, आपलीहि अवस्था तीच होते. आणि आपण हसलों तें नक्की कशाला, हा प्रश्न मागाहून, अंथरुणावर पडल्यावर, छळूं लागतो. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

रहस्यकथेला आमच्या विद्वान मंडळींनीं अद्यापि माजघरांत घेतलेलें नाहीं. ओसरीवरूनच तिची बोळवण करावयाची असा शिष्टाचार आहे. बाबूराव अर्नाळकरांनीं हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या ज्यांनीं आधाशासारख्या वाचल्या त्यांतले कित्येकजण पुढें प्राध्यापक झाले; परंतु वर्गांत अर्नाळकरांचें नांव त्यांनीं कधीं उच्चारलें नाहीं. प्रस्तुत लेखक ह्याच अपराध्यांपैकीं एक. गेलीं तीस वर्षें तो महाविद्यालयांत ‘ऑथेल्लो’ शिकवीत आहे. बायकोचा संशय येऊन नवऱ्यानें तिला उशीखालीं गुदमरवून मारणें हा विषय शेक्सपिअरनें हाताळला तर तें वाङ्मय, आणि नवऱ्यानें दगा दिला म्हणून बायकोनें त्याचें डोकें फोडणें हा विषय दूरचित्रवाणीनें हाताळला तर ती निव्वळ करमणूक, हा भेद तो मुकाट्यानें पाळीत आला आहे. भेद मुळींच नाहीं असें नव्हे. पण तो विषयांत नाहीं खास. तो कोठें आहे हें पाहावयाचें असेल तर एखादी चांगली रहस्यकथा हातीं घेऊन तिच्याशीं शेक्सपिअरशीं वागावें तितक्याच सावधपणें वागलें पाहिजे.

मूळ कथा अमेरिकेंतील ‘हार्पर्स’ मासिकाच्या सप्टेंबर १९५३ च्या अंकांत प्रसिद्ध झाली. डाल ह्यांचा जन्म १९१६ सालीं वेल्समध्यें, नॉर्वेजियन आईबापांच्या पोटीं झाला. मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांमुळें आज त्यांचें नांव आपल्याहि घरांतून परिचित आहे. मात्र मोठ्यांसाठीं लिहिलेल्या त्यांच्या कथा मुलांच्या हातीं न लागतील तर बरें. हिचकॉक ह्यांची ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ ही मालिका १९५५ सालीं सुरू झाली. तिच्यांतील बहुतेक भाग त्यांनीं इतरांकडून करवून घेतले. स्वतः दिग्दर्शित केलेले अवघे सतरा. प्रस्तुतचा भाग त्यांपैकीं एक असून तो १३ एप्रिल १९५८ रोजीं सी. बी. एस. ह्या संस्थेनें प्रक्षेपित केला. संहिता खुद्द डाल ह्यांचीच आहे. म्हणजे कथेंत आणि प्रयोगांत जेथें फरक पडला आहे, तेथें लेखकाला विचारलें नव्हतें अशी सबब कोणालाहि सांगतां येणार नाहीं.

कथानक थोडक्यांत असें. मेरी मलोनी ही एका पोलीस अधिकाऱ्याची बायको, पोटुशी आहे. संध्याकाळीं नवरा घरीं येतो. ती त्याचा कोट घेते, काय हवें नको तें पाहते, जेवणाचें विचारते. तो मद्याचा पेला भरून घेतो आणि तुटकपणें सांगतो कीं, आपण तिला सोडून जाणार. ती अवाक् होते, आणि मग, जणूं कांहीं ऐकलेंच नाहीं अशा रीतीनें, स्वयंपाक करतें म्हणून उठते. शीतपेटींतून हाताला येईल तें काढते. तें असतें दगडासारखें गोठलेलें कोंकराच्या मांसाचें तंगडें. नवरा म्हणतो, माझ्यासाठीं कांहीं करूं नकोस, मी बाहेर जाणार आहें. ती मागून येते आणि त्या पाठमोऱ्या डोक्यावर तें तंगडें घालते. नवरा जागच्या जागीं मरतो. मग तंगडें ओव्हनमध्यें भाजावयास ठेवून ती वाण्याकडे जाते, दोन गोड शब्द बोलून जिन्नस घेते, घरीं परतते आणि नवऱ्याच्या कचेरींतील मित्रांना बोलावते. ते सारें घर धुंडाळतात, जड हत्यार कांहीं सांपडत नाहीं. रात्र होते. मांस शिजलेलें असतें. मेरी त्यांना आग्रह करकरून जेवूं घालते. हत्यार येथेंच कोठेंतरी, आपल्या नाकासमोर असलें पाहिजे, असें ते तोंडांत घास असतां म्हणत असतात. आणि पलीकडच्या खोलींत बसलेली मेरी हसते.

आतां कथा आणि प्रयोग ह्यांतील पहिला फरक पाहा. नवरा बायकोला काय सांगतो तें कथेंत लेखक सांगतच नाहीं. त्याला चारपांच मिनिटें लागलीं आणि ती निश्चल बसून ऐकत राहिली, एवढेंच कळतें. दुसऱ्या स्त्रीचा उल्लेख नाहीं. ती आपण आपल्या मनानें भरून काढतों. प्रयोगांत मात्र तो स्पष्ट बोलतो: दुसऱ्या बाईशीं लग्न करावयाचें आहे, घटस्फोट हवा. पडद्यावर दोन पात्रें समोरासमोर बसवून पांच मिनिटें मौन पाळणें शक्य नव्हतें हें मान्य करूनहि आम्हांस वाटतें कीं, येथें कांहीं तरी हरपलें. दुसरी बाई आली कीं मत्सर आला, आणि मत्सर हें खुनाचें फार जुनें व फार सोपें कारण आहे. कथेंतली मेरी मत्सरानें मारीत नाहीं. जिच्या सबंध दिवसाला आकार त्या माणसाच्या घरीं येण्यानें मिळत होता, जी घड्याळाकडे पाहत शिवण घेऊन बसली होती, तिच्या पायांखालची जमीनच काढून घेतली गेली आहे. त्या क्षणीं तिला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे रोजची सवय: स्वयंपाक. हत्यार शोधावयास ती गेलीच नव्हती. जेवण करावयास गेली होती. हातांतली वस्तु शीतपेटीपाशीं जेवण होती, नवऱ्याच्या पाठीशीं आल्यावर हत्यार झाली आणि ओव्हनमध्यें पुन्हां जेवण झाली. ह्या तीन स्थित्यंतरांत सारी कथा सामावलेली आहे. कोपऱ्यांतली लोखंडी सळई किंवा शेगडीवरचा चिमटा तिनें उचलला असता तर पोलिसांना तो सांपडला असता हें खरें. पण त्याहून महत्त्वाचें हें कीं, मग ही मेरीची कथा राहिली नसती.

प्रयोगांत जें हरपलें तें पुष्कळ अंशीं भरून काढलें आहे बार्बरा बेल गेडेस ह्या नटीनें. ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ ह्या नाटकांत १९५५ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नवऱ्याच्या प्रेमासाठीं झुरणाऱ्या मॅगीची भूमिका प्रथम तिनेंच केली होती. आणि ह्याच १९५८ सालीं हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ चित्रपटांत नायकावर जीव असूनहि त्याच्या लेखीं नुसती मैत्रीण राहिलेली मिज तिनें साकार केली. उपेक्षित स्त्रीचा चेहरा कसा दिसतो हें तिला नीट ठाऊक होतें. नवरा बोलत असतां ती रडत नाहीं, ओरडत नाहीं. चेहरा हळूहळू रिकामा होत जातो, दिवा मालवलेल्या खोलीसारखा. आणि प्रहारानंतर त्याच चेहऱ्यावर विचार उमटूं लागतात. आमच्या रंगभूमीवर अशा प्रसंगीं हातवारे, उसासे आणि एखादें पद अपरिहार्य मानलें जात असे. येथें नटी कांहीं करीत नाहीं असें वाटतें, आणि सर्व कांहीं घडतें.

कथेंतला एक बारकावा येथें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. वाण्याकडे जाण्यापूर्वीं मेरी आरशासमोर बसून आवाज नेहमींसारखा काढण्याचा सराव करते. म्हणजे सोंगाची सारी तयारी झाली. परंतु घरीं परतून जेव्हां ती जमिनीवर पडलेल्या नवऱ्याला पाहते तेव्हां जुनें प्रेम खरोखरच उफाळून येतें आणि ती ऊर फुटेपर्यंत रडते. नाटक करण्याची गरजच उरत नाहीं! खोट्याच्या ऐन मध्यावर हें खरें रडें बसविणें ही युक्ति नव्हे; मनुष्यस्वभावाची जाण आहे. जिनें मारलें तीच विधवा झाली आहे, आणि तिचें दुःख तिच्या अपराधापेक्षां तिळभरहि कमी खरें नाहीं. रहस्यकथा कारागिरीच्या पलीकडे जाते ती अशा ठिकाणीं.

हिचकॉकच्या कारागिरीविषयीं आतां दोन शब्द. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो ह्यांच्याशीं १९६२ सालीं झालेल्या, व १९६६ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत त्यांनीं आश्चर्य व उत्कंठा ह्यांतील भेद एका दृष्टांतानें समजावून दिला आहे. मेजाखालीं बाँब आहे हें प्रेक्षकांना ठाऊक नसेल तर तो फुटल्यावर क्षणभर धक्का बसतो, आणि तेवढ्यावर भागतें. परंतु बाँब आहे व अमुक वेळीं फुटणार आहे हें प्रेक्षकाला माहीत आहे आणि मेजाभोवतालच्या मंडळींना नाहीं, अशी स्थिति असेल तर त्यांच्या हवापाण्याच्या गप्पाहि जीव टांगणीला लावतात. प्रस्तुत प्रयोगांत हा बाँब मेजाखालीं नाहीं, मेजावर आहे, आणि मंडळी तो कांट्यानें तोडून खात आहेत. खून कोणी केला हें पहिल्या कांहीं मिनिटांतच आपण डोळ्यांनीं पाहिलेलें असल्यामुळें येथें कोडें असें उरतच नाहीं. उरते ती एक विलक्षण चिंता: पोलिसांना कळेल का? आणि इतक्यांत आपल्या ध्यानीं येतें कीं, कळूं नये अशी आपली इच्छा आहे. तपास करणारा नूनन ओव्हन चालू असल्याचें सहज बोलून जातो तेव्हां आपला श्वास अडकतो तो खून पचेल ह्या भीतीनें नव्हे, उघडकीस येईल ह्या भीतीनें. आपण केव्हां फितूर झालों तें कळलेंच नाहीं!

आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र प्रयोग पाहतां पाहतां निराळीच शंका काढली. बर्फाचा दगड झालेली वस्तु तशीच ओव्हनमध्यें ठेवली तर वरून करपेल आणि आंत कच्ची राहील, म्हणाल्या. पाहुण्यांनीं पहिल्या घासालाच नांवें ठेवलीं असतीं. आमच्या घरीं मांस शिजत नाहीं, तरीहि स्वयंपाकाच्या बाबतींत त्यांचें मत आम्ही प्रमाण मानतों. कथेंत मधें सुमारे तीन तास गेलेले आहेत, असें सांगून आम्ही लेखकाची बाजू कशीबशी सांवरली. पण त्या शंकेंत टीकाकारानें शिकण्यासारखें कांहीं आहे. इतर रहस्यकथांत वाचक विषांची मात्रा व कुलुपांची रचना तपासतो. येथें तो पाककृति तपासतो. घर हें ह्या कथेचें नुसतें स्थळ नाहीं, तिचें शस्त्रागार आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हें हसूं कोणत्या जातीचें? भरतमुनींनीं हास्याची उत्पत्ति शृंगारापासून आणि भयानकाची बीभत्सापासून सांगितली आहे. बीभत्सापासून हास्य निघावें ही सोय त्यांत नाहीं. पण पोलिसांच्या पंगतीचा प्रसंग मुळांत बीभत्स आहे ह्यांत संशय नाहीं. ज्या मित्राचें कलेवर नुकतें उचलून नेलें त्याच्याच घरीं, त्याच्या मरणाचें साधन, हे लोक मिटक्या मारीत खात आहेत. आणि तरीहि आपण हसतों. कां? आमच्या मतें ह्याचें कारण शृंगार नसला तरी शृंगाराचें मोडकें भांडें येथें आहे. गृहिणीनें प्रेमानें रांधावें आणि पुरुषांनीं तें रांधलेलें आहे हें लक्षांतहि न घेतां खावें, हा संसाराचा नित्यक्रम अखेरपर्यंत अबाधित चालतो. नवऱ्याला तिचें जेवण दिसलें नाहीं. पोलिसांनाहि तिच्या जेवणांत जेवणापलीकडे कांहीं दिसत नाहीं. वाढणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नाहीं, ह्याच आंधळेपणावर ती निभावून जाते. हसूं आहे तें पोलिसांच्या मूर्खपणाचें नव्हे, ह्या आंधळेपणाचें आहे. आणि त्यांत पाहणाऱ्या पुरुषांनाहि आपला वांटा उचलावा लागतो.

मराठी वाचकाला येथें सिंधूची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. तेथेंहि नवरा दगा देतो, दुसऱ्या बाईसाठीं नव्हे, मद्यासाठीं. तेथेंहि घरांत प्रहार होतो आणि बायको पोलिसांसमोर खोटें बोलते. पण सिंधूचें खोटें मारणाऱ्या नवऱ्याला वांचविण्यासाठीं आहे, मेरीचें मारलेल्या नवऱ्यापासून स्वतःला व पोटांतल्या मुलाला. सिंधूच्या खोट्यावर पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक स्फुंदले. त्या अश्रूंविषयीं आम्हांस आदरच आहे, आम्हीहि ते गाळले आहेत. तथापि सिंधूवर रडणें आणि मेरीबरोबर हसणें ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्रेक्षकाला एकाच जन्मांत कशा जमतात, ह्याचा विचार आम्हांस अस्वस्थ करतो. ग्रीकांना हा पेंच पडला नसता. युरिपिडीजची मेडिआ टाकून दिलेल्या स्त्रीचा सूड घेते, पण उघड घेते. एस्किलसची क्लायटेम्नेस्ट्रा तर नवऱ्याच्या प्रेताशेजारीं उभी राहून केलेल्या कृत्याचा अभिमानानें उच्चार करते. त्या राण्या होत्या. मेरीला उच्चार करण्यास सभा नाहीं. तिला फक्त स्वयंपाकघर आहे.

शीर्षकाचाहि येथें थोडा विचार करणें प्राप्त आहे. वधस्तंभाकडे नेलेल्या निमूट कोंकराची प्रतिमा बायबलांतील यशयाच्या ग्रंथांतून इंग्रजी भाषेंत रुळली, आणि लेखकानें तीच शीर्षकासाठीं उचलली. कोंकरूं तें कोणतें? तंगडें ज्याचें होतें तें? कांहीं कल्पना नसतां पाठ फिरवून उभा राहिलेला नवरा? कीं गरीब गाईसारखी मेरी, जी कोंकरासारखी वधाला जाण्याऐवजीं कोंकरूंच हातीं घेते? शिवाय इंग्रजी बालगीतांतल्या मेरीचेंहि एक कोंकरूं आहे, हें तिकडचा प्रत्येक वाचक जाणतो. मराठींत ही श्लेषरचना उतरत नाहीं. म्हणून आम्ही लेखाला मथळा दिला तो अगदीं खाटकाच्या दुकानांतला.

कायद्याच्या दृष्टीनें मेरीचें काय झालें असतें? प्रयोग प्रक्षेपित झाल्यावर सुमारें एक वर्षानें, २७ एप्रिल १९५९ रोजीं, मुंबईस कमांडर नानावटी ह्यांनीं पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली. गंभीर व एकाएकीं झालेल्या प्रक्षोभाच्या भरांत केलेला वध हा खून नव्हे, असा अपवाद भारतीय दंडविधानाच्या ३०० व्या कलमांत होता, आणि २०२४ पासून अमलांत आलेल्या न्याय संहितेंतहि तो कायम आहे. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतांनीं नानावटींना निर्दोष ठरविलें. उच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर १९६१ मध्यें जन्मठेप कायम केली, कारण पत्नीचा कबुलीजबाब ऐकल्यापासून गोळी सुटेपर्यंत मन थंडावण्यास तीन तास मिळाले होते. १९६४ सालीं त्यांना माफी मिळाली. मेरीला तीन तासच काय, तीन मिनिटेंहि मिळालीं नव्हतीं. नुसत्या शब्दांनीं झालेला प्रक्षोभ न्यायालयानें पुरेसा धरला असता कीं नाहीं हा वकिलांच्या वादाचा विषय. पण सौम्य दृष्टीनें पाहण्यास जागा होती. तिच्या बाबतींत थंड आहे तें कृत्य नव्हे, कृत्यानंतरचे तीन तास. आणि लेखकाची सारी कला ह्या तीन तासांवरच खर्च झाली आहे. मुंबईच्या जनतेनें व ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानें त्या वेळीं नानावटींची बाजू उचलून धरली होती. त्याच जागीं एखादी फसविली गेलेली बायको उभी असती तर इतकी सहानुभूति वाहिली असती का, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

राहिला शेवट. कथा मेरीच्या हसण्यावर संपते. प्रयोगाची गोष्टहि तेथेंच संपते: पलीकडून जेवणाऱ्यांचे आवाज, कोऱ्या भिंतीशीं खुर्चीवर एकटी बसलेली मेरी, आणि तिच्या जवळ सरकत जाणारा कॅमेरा. दोन वर्षांनीं ‘सायको’च्या अखेरीस हिचकॉकनें नॉर्मन बेट्स ह्यास असाच भिंतीशीं बसवून हसविला, त्याचा उगम येथें आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. पण मेरीवर पडदा पडल्यानंतर हिचकॉक स्वतः येतात, आणि निर्विकार मुद्रेनें सांगतात कीं, बाई सुटली असती, पण पुढें दुसऱ्या नवऱ्यावरहि तिनें तोच प्रयोग करूं पाहिला. तो पडला विसराळू, शीतपेटीची वीज जोडावयाची विसरला होता, आणि मांस लिबलिबित झालें होतें. अमेरिकन प्रक्षेपकांनीं १९५२ पासून जी नीतिसंहिता पत्करली होती तींत गुन्हा फायद्याचा ठरल्याचें दाखविणें बसत नव्हतें, म्हणून ही पुरवणी. ती नियमाची थट्टा करण्यासाठींच जोडली आहे, हें हिचकॉकच्या चेहऱ्यावरून लहान मुलालाहि कळावें.

थट्टा म्हणून ती फक्कड आहे. पण तिची किंमत मेरीला द्यावी लागली, ही आमची तक्रार आहे. सवयीनें खून करणारी बाई ही एका क्षणीं कोसळलेली बाई नव्हे. दुसऱ्या नवऱ्याचा उल्लेख होतांच ते खरे अश्रू, ती शिवण, तें घड्याळाकडे पाहणें सारें मागें सरून विनोदी पुस्तकांतली एक नवरेमारू बायको उरते, आणि आपल्याला अवघड वाटूं लागलेलें हसूं एकदम सोपें होऊन जातें. नीतिरक्षकांना हवी होती शिक्षा. हिचकॉकनें ती दिली ती मेरीच्या माणूसपणाला. १९७९ सालीं ‘टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड’ ह्या इंग्लिश मालिकेंत सुझन जॉर्जला घेऊन हीच कथा पुन्हां करण्यांत आली. ती सफाईदार आहे. पण तो कोऱ्या भिंतीपुढला चेहरा तेथें नाहीं.

आम्ही दुसऱ्यांदा हा भाग पाहिला तेव्हां मेरी हसूं लागतांच यंत्र बंद केलें, पुरवणी लागूं दिली नाहीं. सौभाग्यवती थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अहो, आणि त्या मुलाचें पुढें काय झालें?” आम्ही पुन्हां कथा काढून पाहिली, हिचकॉकचें निवेदन पुन्हां लावून ऐकलें. जिच्यासाठीं सारें खोटें रचलें गेलें, त्या मुलाविषयीं कथा मुकी आहे. आणि निवेदनांत दुसऱ्या नवऱ्याची आठवण आहे, मुलाची नाहीं.